पिचवर फीडबॅक मिळाला: स्लाइडला हात लावण्याआधी काय करायचं

परीक्षकांसमोर पिच होते, म्हणजे धंद्याची कल्पना थोडक्यात मांडली जाते, पाच-सहा जण मतं देतात आणि त्याच रात्री लॅपटॉप उघडून स्लाइड बदलायला सुरुवात होते. स्पर्धा असो, इन्क्युबेटरची (नव्या धंद्यांना आधार देणाऱ्या संस्थेची) मुलाखत असो की बँकेतली भेट, हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. एकाने ‘ॲप काढा’ म्हटलं म्हणून ॲपची स्लाइड येते. दुसऱ्याने ‘मार्केट छोटं वाटतंय’ म्हटलं म्हणून मुंबईची लोकसंख्या येते. महिन्याभराने तीच माणसं पुन्हा समोर बसतात, स्लाइड दुप्पट झालेल्या असतात आणि पहिला प्रश्न तोच येतो.

असं होण्याचं कारण क्रमात आहे. पिच बदलणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल आहे. त्याआधी ऐकलेलं नीट लिहिणं, त्यामागची शंका शोधणं, बाहेर जाऊन ती तपासणं आणि हिशेब पुन्हा मांडणं, एवढं सगळं व्हावं लागतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. समजा, मुलुंडमधल्या दोन मैत्रिणींना निवडलेली, धुतलेली, चिरलेली भाजी पाकिटात विकायची आहे. गिऱ्हाईक म्हणजे संध्याकाळच्या लोकलने घरी येणाऱ्या नोकरदार बायका, ज्या आज लेडीज डब्यातच मेथी आणि गवार निवडत येतात. पिच झाली आणि मतं आली ती अशी:

– “स्टेशनबाहेर तुम्हाला कोण उभं राहू देणार?”
– “ॲप काढा.”
– “मार्केट छोटं वाटतंय.”
– “भाजीवालीही निवडून देतेच की.”
– “पावसाळ्यात काय करणार?”
– “पाच लाखांत नक्की काय काय होणार?”
– “कल्पना छान आहे, पण नीट समजलं नाही.”

तयारी: हाताशी काय हवं

एक वही किंवा एक्सेलची शीट, जुन्या पिचची न बदललेली प्रत आणि पिचच्या वेळी सोबत बसलेला एक माणूस. हा तिसरा फार महत्त्वाचा. बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष उत्तर देण्यात असतं, त्यामुळे त्याला प्रश्न अर्धवटच आठवतो. पुढच्या वेळी टीममधल्या एकाला फक्त लिहायला बसवा, त्याने तोंड उघडायचं नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

जुन्या फाइलला तारखेसकट नाव द्या आणि बाजूला ठेवा. पुढे कुठली सुधारणा उपयोगी पडली आणि कुठल्या सुधारणेने बिघडलं, हे तिच्याशी ताडूनच कळतं.

टप्पा १: ऐकलेलं जसंच्या तसं उतरवा

हे त्याच दिवशी, शक्यतो परतीच्या लोकलमध्येच करा. रात्र उलटली की आठवण आपल्या सोयीने बदलते. “भाजीवालीही निवडून देतेच की” या वाक्याचं वहीत “स्पर्धा आहे असं म्हणाले” असं होतं आणि त्यातली धार निघून जाते. मूळ वाक्यात तुमचा खरा स्पर्धक कोण, हे सांगितलेलं आहे: गल्लीच्या तोंडाशी बसणारी, ओळखीची, हिशेबात दोन रुपये सोडणारी भाजीवाली. ‘स्पर्धा’ या शब्दात ती दिसत नाही.

प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी लिहा: कोण म्हणालं, तुम्ही त्या वेळी काय बोलत होतात आणि तुम्ही काय उत्तर दिलंत. तिसरा रकाना भरायला जीव कचरतो, पण तो भराच. तिथे गोलमोल उत्तर दिसलं, तर कच्ची जागा तीच.

तपासा: यादीत एकही वाक्य असं नको, जे वाचून ‘म्हणजे नक्की काय म्हणाले होते?’ असा प्रश्न पडेल. पडलाच तर त्या व्यक्तीला फोन किंवा मेसेज करून विचारा. एका वाक्याचा स्पष्ट प्रश्न असेल तर लोक आनंदाने उत्तर देतात.

टप्पा २: सूचनेमागची शंका शोधा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या.

ऐकणारा माणूस तीन प्रकारे बोलतो. तो प्रश्न विचारतो, आक्षेप घेतो किंवा उपाय सुचवतो. प्रश्न आणि आक्षेप सरळ असतात. सुचवलेला उपाय फसवा असतो, कारण त्यात शंका लपलेली असते आणि आपण शंका सोडून उपायच उचलतो.

‘ॲप काढा’ घ्या. असं म्हणणाऱ्याच्या मनात काय असू शकतं? ऑर्डर आधी कळली नाही तर माल उरेल, ही भीती. किंवा स्टेशनबाहेर उभं राहणं बेभरवशाचं आहे, हे मत. किंवा एका ठिकाणाहून धंदा वाढणार कसा, हा विचार. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि एकालाही ॲप लागेलच असं नाही. आधी ऑर्डर घ्यायला व्हॉट्सॲप पुरतं. जागेचा प्रश्न ॲपने सुटतच नाही.

म्हणून प्रत्येक सूचनेपुढे एक वाक्य पूर्ण करा: “यांना ही भीती वाटते की…”. वाक्य पूर्ण होत नसेल, तर सूचना देणाऱ्यालाच विचारा: “ॲप असतं तर तुमची कुठली काळजी मिटली असती?” या एका प्रश्नाने आठवड्याची मेहनत वाचते.

मग गठ्ठे करा. आपल्या उदाहरणात सात वाक्यांचे चार गठ्ठे होतात. ‘कोण उभं राहू देणार’ आणि ‘ॲप काढा’ मिळून एक: माल गिऱ्हाइकाच्या हातात कसा पोचणार? ‘मार्केट छोटं’ आणि ‘भाजीवालीही देते’ मिळून दुसरा: तुमच्याकडूनच का घेतील आणि किती जणी? पावसाळा आणि पाच लाख मिळून तिसरा: पैशांचं गणित. उरलं ‘नीट समजलं नाही’. एवढाच आक्षेप मांडणीचा आहे. बाकी सगळे धंद्याचे आहेत, आणि स्लाइड सुंदर करून धंद्याच्या आक्षेपाला उत्तर मिळत नाही.

सावध: ‘छान आहे’, ‘स्कोप आहे’, ‘पुढे बघू’ ही वाक्यं कुठल्याच गठ्ठ्यात टाकू नका. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणण्याची पद्धत नाही, त्यामुळे कौतुकावरून काहीच ठरवता येत नाही.

टप्पा ३: कोण बोललं, त्यावर वजन ठरवा

बँकेचा अधिकारी, एंजल इन्व्हेस्टर (नव्या धंद्यात स्वतःचे पैसे घालून हिस्सा घेणारा) आणि इन्क्युबेटरचा परीक्षक एकच पिच तीन डोळ्यांनी बघतात. बँकेला हप्ता वेळेवर येईल का, हे बघायचं असतं. तुमचा धंदा दसपट झाला तरी तिला ठरलेलं व्याजच मिळणार. इन्व्हेस्टरला नेमकं ते दसपट होणं हवं असतं. इन्क्युबेटरला नवं काय आहे आणि टीम टिकेल का, यात रस असतो. म्हणून ‘मार्केट छोटं वाटतंय’ हे इन्व्हेस्टरने म्हटलं तर गंभीर आहे. मुद्रा कर्जासाठी बँकेत जाणार असाल, तर त्याच वाक्यासाठी पिच फाडायची गरज नाही.

पुढची पिच कोणापुढे आहे, हे आधी ठरवा आणि त्या चष्म्यातून गठ्ठ्यांना क्रम द्या. वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे तीच शंका काढली असेल तर ती सगळ्यात वर. एकानेच काढली, पण तो त्या धंद्यात मुरलेला असेल, तर तीही वर. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, रोज पहाटे माल उचलणारा माणूस ‘पालेभाजी दुपारनंतर टिकत नाही’ म्हणाला, तर ते वाक्य परीक्षक मंडळाच्या मताइतकंच मोलाचं धरा.

काही सूचना सोडून द्याव्या लागतात. सोडताना वहीत कारण लिहा: ‘ॲप आत्ता नाही, कारण पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप पुरेल.’ पुढच्या वेळी कोणी विचारलं, तर उत्तर तयार असेल.

टप्पा ४: बाहेर जाऊन तपासा

शंकेचं उत्तर खोलीत बसून तयार केलं की ते मत ठरतं. समोरच्याला पुरावा हवा असतो. प्रत्येक गठ्ठ्यासाठी एक लहान, स्वस्त तपासणी ठरवा.

*जागा आणि परवानगी.* स्टेशनच्या हद्दीत परवान्याशिवाय विक्री करणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४४ खाली गुन्हा आहे. स्टेशनबाहेर उभं राहू म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली आहे. म्हणजे ‘कोण उभं राहू देणार’ या प्रश्नाला ‘बघू, मॅनेज करू’ हे उत्तर देताच येत नाही. मॉडेलच बदलायला हवं: स्टेशन ते घर या वाटेवरच्या एखाद्या दुकानाशी कमिशनवर बोलणं किंवा सोसायटीच्या गेटवर ठरलेल्या वेळी पोच देणं. दुकानदाराशी प्रत्यक्ष बोला, तो किती कमिशन मागतो आणि त्याच्या फ्रीजमध्ये जागा आहे का, हे विचारा. चिरलेली भाजी ५ अंश सेल्सियस किंवा त्याखाली ठेवावी लागते, आणि दुकानातला फ्रीज बहुधा दुधाच्या पिशव्यांनी भरलेला असतो.

*मागणी.* “अशी भाजी मिळाली तर घ्याल का?” हा प्रश्न विचारू नका. उत्तर ‘हो’च येणार आणि त्या ‘हो’ला किंमत नाही. जे घडून गेलंय ते विचारा: मागच्या आठवड्यात पालेभाजी किती वेळा घेतली, कुठून, कितीला, निवडली कुणी, किती वेळ लागला, फेकली किती? मग विका. “उद्या साडेसातला २५० ग्रॅम निवडलेली मेथी, ५० रुपये, आत्ता जीपे करा.” जीपे करणारी बाई आणि ‘नक्की सांगते हं’ म्हणणारी बाई यांची वेगळी नोंद ठेवा. पहिल्या खरेदीपेक्षा दुसरी खरेदी बोलकी असते. पहिली कुतूहलापोटी होते. जिने दुसऱ्यांदा घेतलं नाही तिला कारण विचारा आणि तेही शब्दशः लिहा.

नातेवाईक, शाळेतल्या मैत्रिणी आणि स्वतःच्या सोसायटीतले लोक या मोजणीत धरू नका.

*मार्केटचा आकार.* ‘२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, त्यातले १ टक्का जरी धरले तरी…’ हे वाक्य परीक्षकांनी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकताच लक्ष उडतं. खालून वर या. एका दुकानासमोरून संध्याकाळी ६ ते ९ मध्ये किती बायका जातात, त्यातल्या किती भाजी घेतात, तुमच्या चाचणीत कितींनी दुसऱ्यांदा घेतलं, हे मोजा. तो आकडा एका ठिकाणाचा. मग अशी ठिकाणं मुलुंड, भांडुप आणि ठाण्यात किती मिळतील, हे सांगा. आकडा छोटा येईल, पण त्यावर प्रश्न विचारला तर तुम्हाला उत्तर देता येईल.

सावध: खाण्याचा पदार्थ चाचणीपुरता विकत असाल तरी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाची) नोंदणी आधी करून घ्या. “चाचणी केली” म्हटल्यावर पुढचा प्रश्न तोच येतो.

तपासा: चाचणीला निघण्यापूर्वी ‘किती जणींनी दुसऱ्यांदा घेतलं तर आम्ही पुढे जाऊ’ हा आकडा वहीत लिहिलेला हवा. नंतर ठरवला की जे आलं तेच पुरेसं वाटतं.

टप्पा ५: एका पाकिटाचा हिशेब पुन्हा मांडा

चाचणीतून आलेले आकडे घ्या आणि एका पाकिटावर उतरवा. खालचे आकडे रीत कळावी म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

पाकीट ५० रुपये. भाजी १८, निवडण्या-चिरण्याची मजुरी १०, पाकीट आणि लेबल ४, पोच किंवा कमिशन ६. एकूण ३८, सुटतात १२. बहुतेक पिचमध्ये हिशेब इथे थांबतो.

आता नासाडी धरा. १०० पाकिटं बनवली, ८८ विकली. विक्री ४,४०० रुपये. बनवण्याचा खर्च सगळ्या १०० चा, म्हणजे ३,२००. पोच फक्त ८८ ची, ५२८. उरले ६७२. पाकिटामागे १२ वाटत होते ते साडेसातच्या आसपास आले.

आता पावसाळा. जूनपासून पालेभाजीचे भाव चढतात. त्याच पाकिटातली भाजी १८ ऐवजी ३० ला पडली, तर १०० पाकिटांमागे खर्च १,२०० ने वाढतो आणि ६७२ चा नफा ५२८ चा तोटा होतो. ‘पावसाळ्यात काय करणार’ हा प्रश्न म्हणूनच आला होता. त्याचं उत्तर आता आकड्यात देता येईल: त्या महिन्यांत पालेभाजी कमी करून गवार, फरसबी, सुरण, लाल भोपळा वाढवणार किंवा आगाऊ ऑर्डरशिवाय मेथी बनवणारच नाही. दर वाढवणार असाल तर किती, आणि चाचणीत त्या दराला कोणी घेतलं का, हेही सांगा.

शेवटी ठरीव खर्च. गाळ्याचं भाडं, वीज, एक पगार मिळून समजा महिना ३०,००० आणि महिन्याला २५ दिवस काम. रोजचे १,२०० झाले. १०० पाकिटांमागे ६७२ सुटत असतील, तर नुसता खर्च भरून निघायला रोज सुमारे १७९ पाकिटं बनवावी लागतील. चाचणीत ४० जात होती का? मग ४० वरून १७९ वर कसं आणि किती महिन्यांत जाणार, हेच तुमच्या पिचचं मुख्य काम आहे.

हमखास होणाऱ्या चुका: स्वतःची मजुरी शून्य धरणं, दुकानदाराकडे अडकणारी उधारी विसरणं, आणि पहिल्या महिन्यापासून पूर्ण विक्री गृहीत धरणं.

टप्पा ६: पैशांची मागणी दुरुस्त करा

‘पाच लाख हवेत’ याऐवजी कशावर किती आणि त्यातून काय साध्य होणार, हे लिहा. शीतपेटी आणि फ्रीजला इतके, पहिल्या चार महिन्यांच्या खेळत्या भांडवलाला इतके, आणि त्यातून तीन दुकानं मिळून रोज १७९ पाकिटांपर्यंत पोचणार.

पैसे कोणाकडे मागताय, तेही पुन्हा तपासा. मालकी हक्काची संस्था म्हणजे प्रोप्रायटरशिप असेल तर इन्व्हेस्टरला शेअर देता येत नाहीत, त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड या सरकारी योजनेत प्रयोग-चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती, पण डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता हवी, अर्ज करताना कंपनी दोन वर्षांहून जुनी नको आणि धंद्याच्या गाभ्यात तंत्रज्ञान हवं, अशा अटी होत्या; अर्ज आत्ता घेतात का, ते आधी बघा. नुसती भाजी चिरून तिथे जाऊ नका. पीएमईजीपीत, म्हणजे नवा धंदा काढायला बँकेच्या कर्जासोबत अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेत, स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि विशेष गटाला ५ टक्के घालावा लागतो. महिला अर्जदार विशेष गटात येतात. आपल्या उदाहरणातल्या मैत्रिणींनी हा पर्याय आधी बघावा, असं माझं मत आहे.

टप्पा ७: आता पिच बदला

आता लॅपटॉप उघडा. क्रम असा: आधी तोंडी, मग कागदावर, शेवटी स्लाइड.

पहिल्या तीस सेकंदांत काय विकता, कोणाला आणि कितीला, हे आलंच पाहिजे. ‘नीट समजलं नाही’ ही तक्रार बहुधा इथेच जन्मते, कारण आपण ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’पासून सुरुवात करतो. त्याऐवजी: “नोकरीवरून परतणाऱ्या बाईला स्टेशनहून घरी जाताना निवडलेली भाजी मिळेल, २५० ग्रॅम, ५० रुपये.” ऐकणाऱ्याला पाकीट डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे.

त्यानंतर सगळ्यात जड शंका स्वतःच काढा आणि पुराव्यासकट उत्तर द्या. “स्टेशनजवळ विक्री करता येत नाही, म्हणून आम्ही वाटेवरच्या दुकानांशी बोललो. चाचणीत हे आकडे आले.” परीक्षकाने विचारण्याआधी तुम्ही बोललात की पुढचे प्रश्न अधिक खोलात जातात.

एक स्लाइड वाढली तर एक काढा. गाळलेल्या स्लाइड फेकू नका, शेवटी राखीव ठेवा. सविस्तर हिशेब, परवानग्या, पावसाळ्याचं वेळापत्रक तिथे असू द्या आणि प्रश्न आला तरच उघडा.

तपासा: टप्पा १ ची यादी काढा. प्रत्येक वाक्यापुढे ‘पिचमध्ये’, ‘राखीव स्लाइडमध्ये’ किंवा ‘सोडलं, कारण…’ यांपैकी एक लिहिता आलं पाहिजे.

टप्पा ८: अनोळखी माणसासमोर सराव

टीमसमोरचा सराव उच्चार आणि वेळेसाठी ठीक आहे. समजलं की नाही, हे कळायला धंदा माहीत नसलेला माणूस हवा. घड्याळ लावून पिच द्या, मग त्यालाच विचारा: “आम्ही काय विकतो, कोणाला, आणि आम्हाला काय हवंय?” त्याचं उत्तर चुकलं तर त्याला समजावू नका. वाक्य बदला आणि दुसऱ्या माणसासमोर बोला. तोच माणूस पुन्हा वापरता येत नाही, त्याला आता माहीत झालेलं असतं.

पिच मराठीत, हिंदीत की इंग्रजीत द्यायची ते आधी विचारून घ्या आणि सराव त्याच भाषेत करा. घरी मराठीत बोलून तिथे इंग्रजीत गेलात की वेळेचा अंदाज पूर्ण चुकतो.

टप्पा ९: ज्यांनी सांगितलं त्यांना कळवा

हे पाऊल जवळजवळ सगळेच गाळतात. मोठं पत्र नको, सगळी फाइलही नको. एवढं पुरे:

“नमस्कार मॅडम, मागच्या पिचमध्ये आपण विचारलं होतं की स्टेशनबाहेर विक्री कशी करणार. तपासल्यावर ती करता येणार नाही हे कळलं, म्हणून दोन दुकानांतून चाचणी केली. किती पाकिटं गेली आणि किती जणींनी पुन्हा घेतलं, ते सोबतच्या एका पानावर आहे. पावसाळ्यातल्या दराबद्दल अजून खात्री नाही, त्यावर आपली दहा मिनिटं मिळाली तर मदत होईल.”

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करा. उत्तर आलं आणि त्यात नवी शंका असेल, तर वहीचं नवं पान उघडा, तारीख टाका आणि पुन्हा टप्पा १ पासून सुरुवात करा. शंका नवी नसेल, फक्त रंग, फॉन्ट आणि शब्दांवर मतं येत असतील, तर बदल तिथेच थांबवा आणि पुढच्या भेटीची वेळ मागा.